स्ट्रीट कारसाठी मागचा एलएसडी (लिमिटेड स्लिप डिफरन्स) कोणता घ्यावा? (एफ३० ३२८आय, नागपूर)

संत्रानगरी_३२८

नमस्कार मंडळी, बरेच दिवस डोक्यात घोळून राहिलेला प्रश्न आहे, आता तुमच्यापुढे टाकतो.

गाडी बीएमडब्ल्यू ३२८आय, एफ३०, २०१३ ची, सेकंडहँड घेतलेली. एन२० इंजिन, दोन लिटर टर्बो, कंपनीचे २४५ घोडे आणि ३५० न्यूटन मीटर, त्यावर स्टेज १ ट्यून (इंजिनच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदलून ताकद वाढवणं) केलाय त्यामुळं टॉर्क कंपनीच्या आकड्यापेक्षा बराच वर गेलाय. गिअरबॉक्स झेडएफचा ८ स्पीड. मागचा डिफ (ताकद दोन चाकायत वाटणारा डिफरन्स) ओपन, म्हणजे साधा, एलएसडी नसलेला, त्याच्या टॅगवर रेशो ३.१५ लिहिलंय, म्हणजे गिअरबॉक्सकडून येणारा शाफ्ट ३.१५ फेरे फिरला की चाक एकदा फिरते.

त्रास असा आहे की रामटेकला गडमंदिराच्या चढावर वळणातून बाहेर निघताना थोडा जरी पाय दिला की आतलं चाक फुकट फिरते, ट्रॅक्शनचा पिवळा दिवा लुकलुकते आणि गाडीचा दमच जाते. पावसाळ्यात शहरातल्या सिमेंट रोडवर सिग्नलवरून निघतानाही तेच. इंजिनमध्ये एवढा जीव असून तो रस्त्यावर उतरतच नाही, हे मले फार लागते.

वापर: रोज मिहानला ऑफिस, सुट्टीत चिखलदरा नाही तं पचमढी, अधूनमधून समृद्धीनं संभाजीनगर. ट्रॅकवर न्यायचा सध्या विचार नाही.

वाचून वाचून यादी केली तं क्वेफ, वेव्हट्रॅक, ड्रेक्सलर आणि दोन-तीन जपानी नावं आली. इथल्या एका वर्कशॉपवाल्यानं तं सांगितलं की भाऊ एवढा खर्च कायले करता, आतले स्टार गिअर वेल्ड करून देतो, दोन्ही चाकं सोबत फिरतील. आणि डिफ खोलतोच आहे तं रेशो पण ३.१५ चा ३.४६ करून टाक असा एका मित्राचा आग्रह आहे. पैसे घालायची तयारी आहे पण एकदाच, दरवर्षी खोलत बसायचं नाही. काय करावं?

थार_उमरेडरोड

भाऊ, माझ्या थारले मागं ईटनचा मेकॅनिकल लॉकर आहे, एमएलडी म्हणतात त्याले. उमरेड साइडला काळ्या मातीत पावसाळ्यात एक चाक रुतलं की खट्ट करून लॉक होते आणि गाडी बाहेर. बटण नाही का काही नाही. तसंच काही बीएमडब्ल्यूले बसत असेल तं पहा ना.

पुणे_टॉर्क

थार_उमरेडरोड, तो लॉकर चिखलासाठी उत्तमच आहे पण या कामाचा नाही. दोन चाकांच्या वेगात साधारण १०० आरपीएमचा फरक पडला की तो पूर्ण लॉक होतो, आणि साधारण ३० किमीच्या वर गाडी असेल तर लॉकच होत नाही, मुद्दाम तसं केलेलं आहे सेफ्टीसाठी. म्हणजे अडकलेली गाडी बाहेर काढायला तो हवा. इथे प्रश्न ६०-७० च्या स्पीडला वळणातून बाहेर पडतानाचा आहे, तिथे लॉक नको, हळूहळू वाढत जाणारी पकड हवी.

संत्रानगरी, आधी तुझ्या गाडीत नक्की काय होतंय ते आकड्यात बघू, म्हणजे निवड सोपी होईल.

ओपन डिफ दोन्ही चाकांना सारखाच टॉर्क देतो. लोकांना वाटतं तो फिरणाऱ्या चाकाकडे सगळी ताकद पाठवतो, तसं नाहीये, कमी पकडीचं चाक जेवढा टॉर्क झेलेल तेवढाच दुसऱ्या चाकाला मिळतो. समज वळणात वजन बाहेरच्या बाजूला गेलं आणि आतलं चाक फक्त ४०० न्यूटन मीटर झेलू शकतंय, तर बाहेरच्यालाही ४००, टोटल ८००. बाहेरचं चाक हजार-बाराशे सहज घेऊ शकतं पण त्याच्यापर्यंत ते पोचतच नाही. आणि तुझ्या गाडीचा पहिला गिअर ४.७१, डिफ ३.१५, गुणाकार १४.८ च्या आसपास. म्हणजे कंपनीच्या ३५० वर सुद्धा मागच्या एक्सलवर ५२०० न्यूटन मीटरच्या घरात टॉर्क तयार आहे. ताकदीची कमी नाही, वाटपाची आहे.

आता गिअरवाला म्हणजे हेलिकल एलएसडी. टॉरसेन, क्वेफ, वेव्हट्रॅक, ईटनचा ट्रूट्रॅक ही सगळी याच घराण्यातली. यात क्लच प्लेट नसतात, तिरप्या दातांचे छोटे गिअर असतात, लोड आला की ते बाजूला सरकून हाउसिंगवर दाबले जातात आणि घर्षणाने टॉर्क जास्त पकडीच्या चाकाकडे जातो. किती पटीने जाईल त्याला टॉर्क बायस रेशो म्हणतात. समज तो २.५ आहे, तर आतलं चाक ४०० झेलतंय तेव्हा बाहेरच्याला १००० पर्यंत मिळेल, टोटल १४००. त्याच वळणात, त्याच टायरवर ८०० चे १४०० झाले. टॉरसेनची मूळ कल्पना व्हर्नन ग्लीसमन या अमेरिकन माणसाची, १९५८ चं पेटंट आहे, इतकी जुनी आणि मुरलेली गोष्ट आहे ही.

एकच उणीव. एक चाक पूर्ण हवेत गेलं तर शून्याला २.५ ने गुणलं तरी शून्यच. वेव्हट्रॅकने त्यासाठी आत लाटेसारख्या कडा दिल्यात ज्या अशा वेळी थोडं प्रीलोड (आधीपासूनचा दाब) तयार करतात.

वाडीवाला_डिफरन्स

पुणे_टॉर्क भाऊनं बरोबर सांगितलं. मी वाडीचा, घरचा धंदाच डिफरन्सचा आहे, जास्त करून ट्रक-टिप्पर पण कार पण खोलतो. माझं म्हणणं कोणता ब्रँड यावर नाही, कोण बसवणार यावर आहे, ते रात्री सविस्तर लिहितो, आता दुकानात गर्दी आहे.

आताच एक सांगून ठेवतो. वेल्ड नको करू. वळताना दोन चाकायले वेगळा स्पीड लागतेच लागते, वेल्ड केल्यावर तो फरक टायर घासूनच निघेल. शहरात प्रत्येक यू टर्नला कुरकुर, टायर लवकर खलास, हाफ शाफ्टवर (डिफपासून चाकापर्यंतचा दांडा) मार, आणि पावसात ओल्या वळणावर गाडी सरळच जाईल नाही तं एकदम मागून फिरेल. ड्रिफ्टवाले वेल्ड करतात, त्यायची गाडी ट्रेलरवर येते. तू रोज त्याच गाडीत घरच्या लोकायले घेऊन फिरणार.

घाटवेडा

वेल्डला माझाही नाही. पण सगळे हेलिकल हेलिकल करून राहिले म्हणून क्लचवाल्याची बाजू मांडतो, कारण मी तो चालवला आहे आणि मले तो खरंच आवडते.

क्लच प्लेटच्या एलएसडीमध्ये ड्रेक्सलर, ओएस गिकेन, कुस्को, काझ अशी नावं. आत रॅम्प असतात, तुम्ही एक्सलरेटर दिला की पिन त्या रॅम्पवर चढते आणि प्लेटा दाबल्या जातात. रॅम्पचा कोन बदलला की किती लॉक होणार ते बदलते. फक्त पॉवर देताना लॉक होते तो वन वे, पॉवर आणि पाय सोडताना दोन्हीकडे सारखा तो टू वे, आणि सोडताना थोडा कमी तो दीड वे. वरून प्रीलोड पण आपल्या हिशोबानं सेट करता येते. एक चाक हवेत गेलं तरी प्रीलोडमुळं दुसऱ्याले ताकद मिळते. ब्रेक मारत वळणात शिरताना दीड वे गाडीचं ढुंगण शांत ठेवते ते हेलिकलमध्ये येत नाही. बीएमडब्ल्यूनं स्वतः एम परफॉर्मन्सच्या यादीत एफ सिरीजच्या काही गाड्यांसाठी जो मेकॅनिकल एलएसडी दिला तो प्लेटवालाच होता. आणि आताच्या एम२-एम३ मध्ये पण प्लेटाच आहेत, फक्त दाबायचं काम कॉम्प्युटर करते.

संत्रानगरी_३२८

घाटवेडा भाऊ, रोजच्या वापरात कसा वाटते तो? पार्किंगमध्ये वगैरे?

घाटवेडा

आवाज करते, लपवत नाही. बेसमेंटमध्ये फुल स्टीअरिंग मारून फिरवली की मागून कट कट कट येते, बाजूला बसलेला माणूस विचारतेच काय तुटलं म्हणून. ऑइलमध्ये फ्रिक्शन मॉडिफायर (घर्षण कमी करणारं द्रव्य) टाकला की कमी होते. ऑइल लवकर लवकर बदलावं लागते कारण प्लेटांची झीज त्यात उतरते, आणि कधीतरी प्लेटा बदलाव्या लागतात, डिफ पूर्ण बाहेर. ट्रॅकवाल्याले हे सगळं चालते.

पुणे_टॉर्क

आणि तिथेच उत्तर आहे ना. त्याने लिहिलंय की एकदाच पैसे घालायचे आणि दरवर्षी खोलायचं नाही. क्लचचे सगळे फायदे मान्य, पण ते वसूल होतात ट्रॅकवर, आणि नागपूरहून ट्रॅक जवळ आहे का? बुद्ध सर्किट ग्रेटर नोएडाला, मद्रासचं चेन्नईजवळ, कारी कोइम्बतूरला. ज्या गाडीचं ९५ टक्के आयुष्य ऑफिस, घाट आणि हायवेवर जाणार तिला हेलिकल. प्लेट नाहीत, झीज नगण्य, मॉडिफायर लागत नाही, आवाज नाही, आणि पॉवर इतकी सलग येते की नवीन माणसाला कळतही नाही काही बदललंय.

अजून एक फायदा लिहायचा राहिला. तुझ्या गाडीचं ट्रॅक्शन कंट्रोल फिरणाऱ्या चाकाला ब्रेक मारून थांबवतं. ओपन डिफमध्ये त्या ब्रेकने जेवढा टॉर्क अडवला तेवढाच पलीकडे जातो. हेलिकलमध्ये मात्र ब्रेकने १०० अडवले तर पलीकडे २५० जातात. म्हणजे चाक हवेत जाण्याची जी उणीव होती ती मॉडर्न गाडीत बरीच भरून निघते, आणि ब्रेक कमी तापतात कारण त्यांना कमी वेळा मधे पडावं लागतं.

घाटवेडा

हा ब्रेकवाला मुद्दा एकदम पटला. माझी ई३६ आहे, तिच्यात एवढी हुशारी नाही, म्हणून मले प्लेटवाल्याचा फरक जास्त जाणवला असेल. एफ३० साठी हेलिकल, माझंही मत तिकडंच.

कामठीरोड_टीव्हीएस

वाखुसा (वाचनखूण साठवली). माझ्याकडं सध्या स्कूटर आहे तरी पूर्ण वाचून राहिलो.

सदर_टायरवाला

धागा छान चाललाय पण एक प्रश्न कोणीच नाही विचारला. संत्रानगरी, मागचे टायर कोणते आहेत अन् किती जुने? साइडवॉलवर शेवटचे चार आकडे वाचून सांग, पहिले दोन आठवडा, नंतरचे दोन वर्ष.

संत्रानगरी_३२८

१८ इंची, मागं २५५/४०, रन फ्लॅट (हवा गेली तरी थोडं अंतर चालणारे). आकडे ३११८.

सदर_टायरवाला

म्हणजे २०१८ चा ३१ वा आठवडा. भाऊ, तुझं अर्धं दुखणं तिथंच आहे. आपल्या इथं मे महिन्यात तापमानच ४५ अंशांच्या वर जाते, गाडी उन्हात उभी राहते, रबर पार कडक होऊन जाते. वरून रन फ्लॅट, त्याची साइडवॉल आधीच दगडासारखी. खोबणी चांगली दिसते म्हणून लोक चालवतात पण नख दाबून पहा, नख रुततच नाही. असा टायर ओल्या सिमेंट रोडवर पकड देणारच कुठून?

एलएसडीवर पैसे घाल, जरूर घाल, पण आधी चारही टायर चांगले, साधे, रन फ्लॅट नसलेले घे, महिनाभर चालव. स्टेपनी नसते या गाडीत म्हणून पंक्चर किट आणि कॉम्प्रेसर डिकीत ठेव. समृद्धीवर निघताना हवा थंड टायरवर चेक करायची, तिथं १२० ची लिमिट आहे आणि सिमेंटवर तासन्‌तास एकाच स्पीडनं टायर लय तापते.

पुणे_टॉर्क

+१. वर जे ४०० न्यूटन मीटर मी धरले ते टायरवरच ठरतात. बायस रेशो गुणतो, पण गुणायला खाली काहीतरी हवं.

वाडीवाला_डिफरन्स

आता बसलो निवांत. लांब लिहून राहिलो, पण हे वाचल्याशिवाय पार्ट मागवू नको.

एफ३० चा डिफ खोलला की पहिली गोष्ट दिसते ती म्हणजे क्राऊन (डिफमधला मोठा गोल गिअर) बोल्टनं बसवलेला नाही, वेल्ड आहे. जुन्या ई३६, ई४६ मध्ये बोल्ट खोलले की क्राऊन निघाला, नवा एलएसडी लावला, बोल्ट मारले. तुझ्यात तसं नाही, क्राऊन आणि डिफचं केज लेझर वेल्डनं एकजीव केलंय. म्हणून रस्ते तीनच. एक, लेथवर वेल्ड कापून क्राऊन वेगळा करायचा आणि त्याले बोल्टची भोकं पाडायची. दोन, बोल्टवाला नवा क्राऊन आणि टेल पिनियनचा (क्राऊनले फिरवणारा छोटा गिअर) सेट घ्यायचा. तीन, बाहेरून बांधून, सेट होऊन आलेला पूर्ण डिफच एक्स्चेंजमध्ये घ्यायचा.

पहिला रस्ता स्वस्त दिसते पण क्राऊनचं मटेरियल वरून हार्ड केलेलं असते, हिंगण्याला एमआयडीसीत भारी भारी लेथ आहेत तरी हे काम प्रत्येकाच्या हातचं नाही. वेल्ड कापताना बैठकीची जागा जराशी जरी तिरपी झाली तं क्राऊन फिरताना डुलते. मी डायल गेज (बारीक फरक मोजणारं घड्याळ) लावून क्राऊनच्या पाठीवर रनआउट, म्हणजे हे डुलणं, पाहतो, ०.०५ मिलिमीटरच्या वर गेला की तो मी बसवतच नाही. क्राऊन आणि पिनियन जोडीनं घासून मिळवलेले असतात, दोघांवर एकच नंबर कोरलेला असते, इकडचा क्राऊन तिकडचा पिनियन असं कधीच करायचं नाही.

आता सेटिंग. चार गोष्टी असतात: पिनियन किती आत बसला, पिनियनच्या बेअरिंगचं प्रीलोड, क्राऊन-पिनियनमधला प्ले म्हणजे बॅकलॅश, आणि साइड बेअरिंगचं प्रीलोड. बॅकलॅश असल्या कारच्या डिफरन्समध्ये साधारण ०.१० ते ०.१५ मिलिमीटरच्या दरम्यान येते, नेमका आकडा गाडीच्या कागदातून घ्यायचा आणि एका जागी पाहून सोडायचं नाही, क्राऊन फिरवून तीन-चार जागी पाहायचं. हे सगळं शिमवर (पातळ चकत्या) चालते. साइडचा शिम इकडचा काढून तिकडं टाकला की क्राऊन सरकते.

मग रंग लावायचा. पिवळी नाही तं निळी मार्किंग पेस्ट आठ-दहा दातांवर ब्रशनं पातळ लावायची, पिनियन हातानं फिरवायचा आणि क्राऊनले एका हातानं अडवून धरायचं म्हणजे थोडा लोड येते. मग दातावरचा डाग पाहायचा. डाग दाताच्या मधोमध, वरखाली आणि आडवा दोन्हीकडून आत असला पायजे. शेंड्याकडं चढला तं पिनियन लांब राहिला, मुळाकडं उतरला तं जास्त आत गेला. शिम बदलायचा, पुन्हा बांधायचं, पुन्हा रंग. बाबा अजूनही डाग पाहायले डिफरन्स उन्हात नेतात, ट्यूबलाइटमध्ये कडा दिसत नाहीत म्हणतात आणि ते खरंच आहे. एका दिवसात घाईघाईत होणारं हे काम नाही.

हे नीट नाही झालं तं काय होते सांगतो. आमच्याकडं एक गाडी आली होती, दुसऱ्या कोणी तरी एलएसडी बसवून दिलेला, माल एकदम ओरिजिनल, महागाचा. ८० च्या पुढं गेली की मागून बारीक रडल्यासारखा आवाज, पाय सोडला की बंद, पुन्हा दिला की सुरू. खोलून पाहिलं तं डाग पूर्ण दाताच्या मुळाशी, पिनियन जास्त आत, आणि पिनियनची क्रश स्लीव्ह (बेअरिंगमधली दाबली जाणारी नळी) जुनीच दाबून वापरलेली. दात घासून चमकून राहिले होते. एलएसडीले काही झालं नव्हतं, पण क्राऊन-पिनियनचा सेट पूर्ण फेकावा लागला.

म्हणून माझं मत: तुझ्या गाडीले हेलिकल, आणि तो बसवून, सेट करून, पॅटर्नचे फोटो आणि बॅकलॅशचा आकडा लिहून देईल अशा माणसाकडून. नाही तं सरळ बांधलेला डिफ मागव. जो माणूस तुले डायल गेज दाखवू शकत नाही त्याच्याकडं गाडी सोडू नको, तो किती का स्वस्तात करेना.

संत्रानगरी_३२८

वाडीवाला भाऊ, हात जोडले. वेल्डवाला क्राऊन ही गोष्ट मले कोणत्याच दुकानदारानं नव्हती सांगितली, सगळे म्हणत होते बोल्ट ऑन आहे.

पुणे_टॉर्क

मित्राच्या ३.४६ बद्दल. नको.

हायवेचा हिशोब बघ. २५५/४० आर१८, आठवा गिअर ०.६७, १२० च्या स्पीडला आत्ता इंजिन साधारण २०५० वर असेल. ३.४६ केलं की २२५० च्या वर. दहा टक्के वाढ. समृद्धी पूर्ण ७०१ किलोमीटर आहे, त्यावर तेवढा आवाज आणि तेवढं पेट्रोल कायम सोबत. हे एक वेळ सोडून दे, मोठी गोष्ट वेगळीच आहे: तुझी तक्रार चाक फिरण्याची आहे आणि ३.४६ चा रेशो चाकावरचा टॉर्क अजून दहा टक्के वाढवतो. म्हणजे दुखण्यावर मीठ. ज्या गाडीत इंजिनला खाली दम नाही, जुनं विनाटर्बो इंजिन, पाच गिअर, तिथे रेशो बदलून गाडी जिवंत होते. तुझ्याकडे टर्बो आणि आठ गिअर आहेत, पहिला आधीच ४.७१. आणि रेशो बदलला की गिअरबॉक्सच्या कॉम्प्युटरला नवा आकडा कोड करून सांगावा लागतो, नाहीतर शिफ्टिंग बिघडतं.

थार_उमरेडरोड

एक शंका. एलएसडी लावल्यावर पावसात गाडी जास्त सेफ होते का? माझा भाचा म्हणते की होते, मले नाही वाटत.

घाटवेडा

छान विचारलं, कारण याच्यावर कोणी बोलत नाही. निघताना, चढावर, एक चाक मातीत एक डांबरावर असताना नक्की चांगली. पण वळणात जास्त पाय दिला तं वेगळं होते. ओपन डिफमध्ये आतलं एकटं फिरते, बाहेरचं चाक रस्ता धरून राहते, गाडी नुसती पुढं सरकत नाही, बस. एलएसडीमध्ये दोन्ही चाकं मिळून काम करतात म्हणून पकड सुटली तं दोघांची सोबत सुटते आणि मागचा भाग बाहेर निघते. हेलिकलमध्ये हे हळूहळू होते, टू वे प्लेटमध्ये पटकन.

म्हणून पहिल्या पावसात डीएससी (बीएमडब्ल्यूचं गाडी घसरू न देणारं कंट्रोल) पूर्ण चालू ठेवायचं. चिखलदऱ्याच्या घाटात धुकं, शेवाळ, मधेच गाई, तिथं बंद करायचा विषयच नाही. एलएसडीची खरी मजा डीएससी चालू असतानाच कळते, दिवा लुकलुकायचा कमी होते आणि गाडी वळणातून ओढून काढल्यासारखी निघते. मी स्वतः जोर लावून चालवणं बंद जागीच करतो, घाटात समोरून एसटी येते याचं भान ठेवावं लागते.

सिव्हिललाइन्स_वकील

दोन गोष्टी कागदाच्या. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की नोंदणीत असलेली गाडीची माहिती कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनपेक्षा वेगळी होईल असा बदल करता येत नाही. तुमच्या केसमध्ये इंजिन, बॉडी, इंधन काही बदलत नाही तरी बिलं आणि जुना डिफ जपून ठेवा. आणि इन्शुरन्स कंपनीला बदल लेखी कळवा, ट्यूनसकट. क्लेमच्या वेळी सर्व्हेअरने शोधून काढण्यापेक्षा आधी दिलेलं पत्र कधीही बरं. बाहेरून मागवत असाल तर ड्युटी आणि आयजीएसटी धरूनच किमतीची तुलना करा, साइटवरची किंमत म्हणजे अर्धीच गोष्ट असते, आणि पूर्ण डिफ जड असतो त्यामुळे भाडंही मोठं लागतं.

संत्रानगरी_३२८

सगळ्यांचे मनापासून आभार. एवढी नीट माहिती मले एका जागी कुठंच नव्हती मिळाली. माझं ठरलं ते असं.

टायर आधी, या महिन्यातच. रेशो ३.१५ तोच राहील. वेल्ड आणि लॉकर बाद. प्लेटवाला पण बाद, मन थोडं तिकडं ओढत होतं पण बेसमेंटमधली कटकट आईले चालणार नाही, ती पण याच गाडीत बसते. हेलिकलच घेतो, क्वेफ का वेव्हट्रॅक हे माझ्या डिफच्या नंबरावर जो नक्की बसते आणि ज्याच्यासोबत बोल्टवाला क्राऊन-पिनियन मिळते त्यावर ठरवीन. बसवायले वाडीवाला भाऊकडंच येतो, चालेल ना? सोबत काय काय मागवू तेवढं सांगा, आणि ऑइल कोणतं?

वाडीवाला_डिफरन्स

ये ना बाप्पा, आपलंच दुकान समज.

मागवायचं: पिनियनच्या दोन्ही बेअरिंग, साइडच्या दोन्ही बेअरिंग, तिन्ही ऑइल सील, पिनियनचा नवा नट, नवी क्रश स्लीव्ह, कव्हरचं पॅकिंग, आणि क्राऊनचे बोल्ट नवे, त्यावर थ्रेड लॉक. डिफचे बुश पण पाहून घेऊ, दहा वर्षांवर गाडी गेली की ते फाटलेले निघतात आणि गिअर टाकताना ठक्क येते. बुश रबराचेच घे, पॉलीचे नको, स्ट्रीट गाडीत डिफचा सगळा आवाज सीटपर्यंत आणतात. हाफ शाफ्टचे बूट फाटले असतील तं त्याच वेळी.

ऑइल ७५डब्ल्यू ९०, जीएल ५, फुल सिंथेटिक, साधारण लिटरभर लागते. हेलिकल आहे म्हणून फ्रिक्शन मॉडिफायरवालं घेऊ नको, इथं घर्षणावरच काम चालते, ते कमी करून फायदा काय? तरी एलएसडी बनवणाऱ्याच्या कागदात जे लिहिलं असेल ते आधी, माझं नंतर. कंपनी लाइफटाइम ऑइल म्हणते ते विसर, आपल्या उन्हाळ्यात मी कोणाच्याच डिफरन्समध्ये लाइफटाइम ऑइल राहू देत नाही.

बसवल्यावर पहिल्या दिवशी पंधरा-वीस मिनिटं आरामात चालवायची आणि पूर्ण थंड होऊ द्यायची, असं दोन-तीनदा. नवा क्राऊन-पिनियन पहिल्यांदा जास्त तापते, तेव्हाच जोर दिला तं दात करपतात. मग ८०० किलोमीटरपर्यंत फुल थ्रॉटल नाही, लाँच नाही, समृद्धी नाही. त्यानंतर ऑइल काढायचं, ड्रेनच्या मॅग्नेटवर बारीक राखाडी लगदा दिसेल तो नॉर्मल आहे, टोकदार कण दिसले तं लगेच फोन. नवीन ऑइल भरलं की चालव मनसोक्त.

आणि पार्ट सगळे हातात आल्याशिवाय गाडी आणू नको. एक सील कमी पडलं म्हणून लोकायच्या गाड्या माझ्याकडं पंधरा पंधरा दिवस जॅकवर उभ्या राहतात.

सदर_टायरवाला

टायरचा साइज तोच ठेव, चारही एकाच कंपनीचे, आणि मागचे दोन्ही एकाच आठवड्याचे मिळाले तं उत्तम. शनिवारी ये, अलाइनमेंट पण करून टाकू.

संत्रानगरी_३२८

शनिवारी सकाळी येतो. डिफच्या टॅगचा आणि पार्ट नंबरचा फोटो उद्या इथंच टाकतो, वाडीवाला भाऊ एकदा पाहून घ्या, मग ऑर्डर मारतो.